उंबरदांडची सपाट रेघ

१

उंबरदांडची खालची आळी डोंगराखाली गेली, आणि चौकशी समितीसमोरची फाइल सांगत होती की डोंगर हललाच नव्हता.

हे मला वकील बाळासाहेबांनी सांगितलं, घोडेगावच्या एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर. पाऊस थांबला होता, पण सगळं ओलं होतं. बाकडं, भिंती, बाळासाहेबांचा काळा कोट.

"मला कायदा कळतो, हर्षालीताई. हे नाही कळत." त्यांनी पेनड्राइव्ह माझ्यापुढं सरकवला. "माझा अशील गोकुळ. उंबरदांडचाच. वाडीच्या वरच्या उतारावर भूवेध प्रकल्पानं एक सळई पुरली होती. जमीन कलायला लागली की तिनं सांगायचं. सळईची राखण गोकुळकडं. आता समिती म्हणते, डोंगर कोसळेपर्यंत सळई सरळ, म्हणजे ती उतारावर नव्हतीच. गोकुळनं आधीच उपटून कुठंतरी सपाटीला रोवली."

"आणि म्हणून इशारा मिळाला नाही."

"आणि म्हणून माणसं मेली. मेलेल्यांत त्याचा सख्खा भाऊ गोरख. भावजय. पोरं." बाळासाहेबांनी कप खाली ठेवला. "जामीन मिळवलाय. कोर्टाचं मी बघीन. पण त्याची आई त्याच्याशी बोलत नाही. तो मला म्हणतो, वकीलसाहेब, जेल झाली तरी चालंल, आयला खरं कळू द्या."

यंत्रांनी गोळा केलेले आकडे नीट लावून ठेवायचे, हे माझं पुण्यातलं काम. लोकांना वाटतं आकडे म्हणजे सत्य. आकडे कुठल्या कप्प्यात ठेवलेत ते आधी विचारा, मग सत्याचं बोला.

लॅपटॉप तिथंच उघडला. फाइल एचडीएफ जातीची. नाव राहू दे, रचना समजून घ्या. बाहेरून एकच फाइल, आत लोखंडी कपाटासारखे कप्पे. कप्प्यात आणखी कप्पे. त्यांत आकड्यांचे तक्ते. आणि प्रत्येक तक्त्याला चिठ्ठ्या चिकटवता येतात: आकडा कशात मोजला, यंत्र कुठल्या जातीचं, काही घडलं असेल तर काय. चिठ्ठी तक्त्याला चिकटते, कप्प्याला नाही. तक्ता हलला की चिठ्ठी त्याच्याबरोबर जाते.

यात मोठे कप्पे दोन. एक उंबरदांडचा. दुसरा मंचरचा, कारण तुलनेला म्हणून तिकडच्या सपाट शेतातही तशीच एक सळई पुरली होती. दोन्ही कप्प्यांत तेच तक्ते: पाऊस, मातीची ओल, मातीचं तापमान आणि सळईचा कल.

उंबरदांडचा पाऊस उघडला. रेघ छपराला भिडलेली. ओल उघडली. माती भरून गच्च. कल उघडला.

रेघ सपाट. शाळेच्या फुटपट्टीनं मारावी तशी.

"म्हणजे गोकुळ खोटं बोलतोय?" बाळासाहेबांनी विचारलं.

"कुणीतरी बोलतंय," मी म्हणाले. "गोकुळला भेटवा."

२

घाटघरच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये वाडीतली उरलेली माणसं ठेवली होती. तात्पुरती म्हणे. पत्र्याला आतून घाम फुटलेला, अंथरुणं ओली, धुकं दारातून आत येऊन बसलेलं. माझं आजोळ इथून दोन वळणांवर. लहानपणी हे धुकं मला गंमत वाटायचं.

गोकुळ शेवटच्या शेडबाहेर उकिडवा बसला होता. पंचविशीचा, पण खांदे म्हाताऱ्याचे.

"ताई, म्या सळई हलवली न्हाई. एकदा बी न्हाई."

"मग समितीसमोर गप्प का बसलास?"

"त्यांनी रेघ दावली. म्हनले, मशीन खोटं बोलत न्हाई. आता मशीनीला काय बोलू राव?"

आतून आवाज आला. "उपटलीच हाय त्यानं!"

त्याची आई, साळुबाई. खांबाला टेकून, आमच्याकडं पाठ करून बसलेली. लेकाशी नाही, पाठीनं माझ्याशी बोलत होती.

"इचार की त्याला. राबाला आडवी येती म्हनायचा का न्हाई? हितं राब कुठं लावू म्हनायचा का न्हाई?"

गोकुळनं मान खाली घातली. "म्हनलो व्हतो. खोटं कशाला बोलू? आमच्या राबाच्या कडंलाच पुरली त्यांनी सळई. पन उपटली न्हाई. उलट राब भाजला तवा जाळ तिकडं सरकला, वरचं प्लॅस्टिकचं कव्हर वितळलं. ऑफिसच्या आरतीम्याडमनं नवीन कव्हर धाडलं, मीच बशिवलं."

"गोरख असता तर त्यानं सांगितलं असतं खरं काय ते," साळुबाई म्हणाली. "पन गोरखला त्यो डोंगर खाऊन बसला. अन् ह्यो हितं."

गोकुळनं दोन्ही हातांनी कान झाकले.

गाडीत बसल्यावर बाळासाहेबांनी विचारलं, "राब म्हणजे नक्की काय हो? आम्ही कांदे-बटाटेवाले."

"भाताची रोपं जिथं टाकायची, तिथं उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या रचायच्या, वर माती टाकायची आणि पेटवायचं. जमीन भाजून निघते. तण मरतं, रोपं जोमानं येतात. डोंगरात हे केल्याशिवाय भात नाही." बोलता बोलता मी लॅपटॉप उघडला होता. "बाळासाहेब, गाडी थांबवा."

"का?"

"मातीच्या तापमानाचा तक्ता बघा. एप्रिल. ही सुईसारखी वर गेलेली रेघ दिसते का? माती एकदम भाजली आणि हळूहळू निवली. हा राब. बरोबर आहे, सळईच्या बुडाशीच तो पेटला होता. आता कलाचा तक्ता. त्यात दोन रकाने असतात, एक कलाचा आणि एक सळईच्या स्वतःच्या तापमानाचा. धातू तापला की फुगतो, कल चुकतो, म्हणून ते मोजावंच लागतं."

मी तोच दिवस काढला.

प्लॅस्टिक वितळलं, माती भाजली. आणि त्यात उभी असलेली सळई गार होती.

३

प्रकल्पाचं ऑफिस घोडेगावातच, भाड्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. भिंतीवर सह्याद्रीचा रंगीत नकाशा. त्यावर उंबरदांडला लावलेली टाचणी कुणीतरी काढली होती. भोक तेवढं राहिलं होतं.

प्रकल्पप्रमुख सुदर्शन मंचरचा. गोड बोलणारा, इस्त्री मोडू न देणारा माणूस. त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला, मृतांबद्दल दुःख व्यक्त केलं. या क्रमानं.

"आकडे आहेत तसे समितीला दिले, मॅडम. आम्ही शास्त्राची माणसं. आमचा कुणावर राग नाही."

"सळई बिघडली असेल असं नाही वाटलं?"

"बिघडलेली सळई वेडेवाकडे आकडे देते. ही शहाण्यासारखी सरळ होती. म्हणजे ती सपाट जागी होती. साधा तर्क आहे."

"उन्हाळ्यात उंबरदांडला काही वेगळं घडतं का? सळईवर परिणाम होईल असं?"

"उन्हाळ्यात?" तो हसला. "उन्हाळ्यात तिथं काय असणार? रिकामं रान. आमचं काम पावसाळ्यात."

"तुम्ही जाता का उन्हाळ्यात?"

"वर्षाला एक फेरी होते, ऑगस्टमध्ये. फोटोला हिरवं बरं पडतं."

बाहेरच्या खोलीत आरती बसायची. फाइल सांभाळणारी ती. डोंगरातल्या आहुप्याकडची, तिशीतली, बोटांची नखं खाल्लेली. रोजचे आकडे फाइलमध्ये भरायचे, तक्ते लावायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या, सगळं तिचं. म्हणजे ज्याला फाइलची सगळ्यात जास्त माहिती आणि ज्याला ती बिघडवणं सगळ्यात सोपं, असं माणूस तेच. मी आडून विचारलं नाही.

"फाइलमध्ये हात घातलास का तू?"

"नाही हो ताई!"

"मातीच्या तापमानाला तुझी चिठ्ठी आहे. 'राब भाजणी, ही उष्णता धरू नये.' कलाच्या तक्त्याला का नाही लावलीस?"

तिचा चेहरा उतरला. "लावली होती की. दर साली दोन्हींना लावते. आमच्याकडं पण राब असतो, मला माहीत असतं ना कधी येणार ते."

"मग ती गेली कुठं?"

"चिठ्ठी अशी आपोआप नाही जात." ती आता कुजबुजत होती. "कुणीतरी काढावी लागते. नाहीतर..."

"नाहीतर तक्ताच तो नसतो. पासवर्ड कुणाकडं आहे?"

आरतीनं काचेच्या केबिनकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"दोघांकडंच. साहेबांकडं आणि माझ्याकडं."

४

दुसऱ्या दिवशी मंचर. हायवेला कांद्याच्या ट्रकांची रांग, त्यातून वाट काढत हौशीराम अण्णांच्या शेतावर पोचलो. तुलनेची सळई त्यांच्या बांधाला.

इथं यायला कारण होतं. उंबरदांडच्या नावावर असलेला तो कलाचा तक्ता मी रात्रभर नाही, पण सकाळचा चहा गार होईपर्यंत नक्की बघितला होता. राबाची उष्णता त्यात नव्हती. पण दुसरंच काहीतरी होतं. भर एप्रिलात सळई मधूनच गार पडायची. भर दुपारी, काही दिवसांच्या फरकानं, पुन्हा पुन्हा. उंबरदांडला एप्रिलमध्ये बायका हंडा घेऊन दरीत उतरतात. तिथं सळईला आंघोळ कोण घालत होतं?

"या पावणं," अण्णा म्हणाले. "बगा तुमची म्हातारी. उभी हाय आपली. ना हालती, ना डुलती. आमच्या मंडळीपेक्षा गुणाची."

"ओ, ऐकू येतंय मला!" गोठ्यातून आवाज आला.

"ऐकायलाच बोललो." अण्णा माझ्याकडं वळले. "काय इचारायचं ते इचारा."

"उन्हाळ्यात इथं काय होतं?"

"बटाटा निघाला की उन्हाळी कांदा. दुसरं काय?"

"पाणी?"

"लाइट यील तवा. पाळी असती आमची, कधी दिवसाची, कधी रातची. त्या महिन्यात दिवसाची व्हती. पाणी सोडलं की ह्या वाफ्यातनं फिरतं, ह्या सळईला वळसा घालून तिकडं जातं. का वो? गंजली काय?"

"नाही अण्णा. बोलायला लागलीय."

बांधावरच बसले. आता एकच परीक्षा उरली होती. फाइलची एक नक्कल केली, मूळ फाइलला बोट लावायचं नाही म्हणून. नकलेत मंचरच्या कप्प्यातला कलाचा तक्ता उघडला आणि त्यातला एक आकडा मुद्दाम बदलला. जगात कुठंच नसेल असा मूर्ख आकडा टाकला. मग मंचर बंद केलं आणि उंबरदांडचा कलाचा तक्ता उघडला. त्याला मी हातही लावला नव्हता.

तिथं तोच मूर्ख आकडा होता.

बाळासाहेब वाकून बघत होते. "हे कसं काय? दोन जागी आपोआप?"

"दोन जागा नाहीतच. तक्ता एक, नावं दोन. या फाइलमध्ये तशी सोय असते. एकाच तक्त्याला दोन कप्प्यांतून वाट काढून द्यायची. एका घराला दोन दारं. उंबरदांडच्या दारातून आत जा, तुम्ही पोचता मंचरला."

"म्हणजे समितीनं बघितली ती रेघ..."

"हौशीराम अण्णांच्या कांद्याची."

बाळासाहेब बांधावर बसकण मारून बसले. म्हणाले, "मग उंबरदांडचा खरा तक्ता कुठाय?"

५

तो फाइलमध्येच होता. ज्यानं काढला त्याला हे ठाऊक नव्हतं.

प्रकल्पाच्या ऑफिसात, काचेच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो होतो. सुदर्शन, आरती, बाळासाहेब आणि मी. समितीचे अध्यक्ष येणार होते, आलेच नाहीत. मीटिंग होती म्हणे. माणसं गाडली गेली तेव्हाही बहुतेकांची मीटिंगच होती.

"फाइलमधून तक्ता काढला," मी सुदर्शनला म्हणाले, "की त्याचं नाव जातं. आकडे जात नाहीत. दारावरची पाटी उतरवली म्हणून घर पडत नाही. ते आत बिननावाचं पडून राहतं, आणि फाइलचा आकारही कमी होत नाही. आकडे खरोखर घालवायचे तर सगळी फाइल नव्यानं बांधावी लागते. आरती रोज फाइलचा आकार वहीत लिहून ठेवते, त्याच्याशी ताडून बघितलं. एवढा मोठा तक्ता गेला, पण फाइल तसूभर बारीक झाली नाही."

सुदर्शननं चहाचा कप बाजूला सरकवला.

"तक्ता तुकड्यातुकड्यांनी साठवलेला असतो. तुकडे शोधले. सगळे नाही मिळाले, पण शेवटचे मिळाले. आणि तक्त्याला चिकटलेली आरतीची चिठ्ठीही मिळाली. 'राब भाजणी.'"

मी लॅपटॉप फिरवला. पडद्यावर रेघ होती. बरेच दिवस आडवी. मग हलकेच उचललेली. मग जिना चढावा तशी. मग उभी. मग काही नाही.

आरतीनं तोंडावर हात धरला.

"हे कुणीही केलं असेल," सुदर्शन म्हणाला. "फाइल ही सांभाळते."

"बघू ना. आरतीनं केलं असतं तर तिला पहिली आठवण राबाची झाली असती. ती दर साली त्याची चिठ्ठी लावते. मंचरचा तक्ता तिथं बसवला तर एप्रिलमध्ये उष्णता गायब होणार, आणि शेजारच्याच मातीच्या तक्त्यात ती बोंबलत राहणार, हे तिला झोपेत कळलं असतं. ती मातीचा तक्ताही बदलती. ज्यानं केलं त्याला वाटत होतं की डोंगरात उन्हाळ्यात काही घडतच नाही. रिकामं रान. हे शब्द माझे नाहीत, साहेब."

त्यानं बाहीची इस्त्री नीट केली.

"आणि मंचरचा तक्ता उंबरदांडच्या कप्प्यात जोडणं हे या ऑफिसचं रोजचंच. तुलना करायला तुम्ही तसं जोडता. आरती त्याला दर वेळी 'तुलना' असं वेगळं नाव देते. तुम्ही तीच आज्ञा वापरली, फक्त नाव मेलेल्या तक्त्याचं दिलंत."

"सळई कलायला लागली की मेसेज कुणाच्या फोनवर यायचा?" बाळासाहेबांनी विचारलं.

"साहेबांच्या," आरती म्हणाली. ती रडत होती. "फक्त साहेबांच्या. ते पुढं तहसीलला कळवणार, असं ठरलेलं."

सुदर्शननं लॅपटॉपचा पडदा स्वतःपासून दूर वळवला.

"मागच्या वर्षी असाच मेसेज आला होता," सुदर्शन शेवटी म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता. "सगळी वाडी खाली आणली. शाळेत ठेवली. काही झालं नाही. लावणी हुकली म्हणून लोकांनी मला शिव्या दिल्या. वरून फोन आले, कशाला घबराट पसरवता म्हणून. यंदा मेसेज आला. म्हटलं, एक दिवस बघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. म्हटलं, आता कळवलं तर विचारतील, काल का नाही कळवलं. मग..."

"मग डोंगर आला."

"मला कुणाला मारायचं नव्हतं हो!"

हे सगळेच म्हणतात. आणि खरंच म्हणतात. या मुलखात कुणालाच कुणाला मारायचं नसतं, फक्त एक दिवस बघायचं असतं. पण तो एक दिवस बघून झाल्यावर हा माणूस शांतपणे इथं बसला, मेलेल्यांची रेघ पुसली, आणि भाऊ गमावलेल्या पोराच्या गळ्यात ते ओझं अडकवलं. त्याला चूक म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते बाळासाहेबांनी अर्जात लिहिलं, कायद्याच्या भाषेत. माझ्या भाषेत लिहिलं असतं तर कोर्टानं घेतलं नसतं.

६

अर्ज गेला, मूळ फाइल सील झाली, गोकुळवरचं कलम निघेल असं बाळासाहेब म्हणाले. निघेल तेव्हा निघेल. मी पुन्हा घाटघरची वाट धरली.

साळुबाई त्याच खांबाला टेकून होती. गोकुळ बाहेर, दारापासून लांब. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. सळई होती तिथंच होती. ती कलली, तिनं सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. एका माणसाच्या फोनमध्ये ते आलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही.

"त्याला ठावं व्हतं?"

"हो."

"आन् आमी हितं व्हतो ह्ये बी ठावं व्हतं?"

"हो."

ती खांबापासून पुढं सरकली. मग म्हणाली, "दाव."

"काय?"

"ती रेघ. सळईची. दाव मला."

मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पदरानं बोट पुसलं आणि पडद्यावर टेकवलं, रेघ जिथून उचलायला लागते तिथं.

"हितं आमी काय करत व्हतो?"

मी तारीख बघितली. "लावणी चालली असेल."

"चालली व्हती. समदी वावरात व्हतो. गोरखची बायकू गाणं म्हनत व्हती." बोट थोडं वर सरकलं. "हितं पोरगं तापलं व्हतं. रातभर किरकिर. गोरख म्हनला, सकाळी नेतो दवाखान्यात. नेला असता तर..." बोट चढत राहिलं, सावकाश, वावराच्या बांधावरून चालावं तसं. "हितं मी गोकुळला घिऊन वरच्या आळीला गेलते, नणंदंकडं. जेवून जा म्हनली ती. ऱ्हायले."

रेघ संपते तिथं बोट थांबलं. पुढं पांढरा पडदा.

"आन् हितं गोरख जागा झाला आसंल."

पत्र्यावरून ओघळलेलं पाणी दारात टपकत होतं. साळुबाईनं बोट उचललं नाही. तशीच बसून, मान न वळवता, तिनं दाराकडं हाक मारली.

"गोकुळ. आत ये. ह्ये बघ, तुजा भाऊ कुठवर व्हता."